पडद्यावरील संघटना आणि घराघरांत विखुरलेला कारखाना

(कारधा, जि. भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कामगार चळवळीच्या अभ्यासवर्गात एक अख्खे सत्र चित्रपटाला द्यावे, हे काही कार्यकर्त्यांना खटकण्याचा संभव आहे. मजुरीच्या दरांचा प्रश्न आहे, नव्या कामगार संहिता आहेत, सभासद-नोंदणीचे रेंगाळलेले काम आहे. ते सारे बाजूला ठेवून पडद्यावरच्या गोष्टी कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. त्याचे उत्तर असे की, संघटना म्हणजे काय याविषयीची सामान्य माणसाच्या मनातील प्रतिमा पुस्तकांनी घडवलेली नाही. ती बव्हंशी चित्रपटांनी घडवली आहे. कारखान्याचे फाटक, भोंगा, उंचावलेल्या मुठी आणि फाटकासमोर भाषण करणारा पुढारी, अशी ती प्रतिमा आहे. या प्रतिमेत भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात घरी बसून बिडी वळणारी बाई कोठे बसते, हे तपासून पाहणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

टेबलावर उभी राहिलेली बाई

१९७९ साली अमेरिकेत 'नॉर्मा रे' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक मार्टिन रिट हे १९५० च्या दशकात डाव्या विचारांच्या संशयावरून काळ्या यादीत गेलेल्या कलावंतांपैकी एक. अमेरिकेच्या दक्षिण भागातील एक कापड गिरणी, तिच्यात राबणारे एक कुटुंब आणि त्या कुटुंबातील एक तरुण स्त्री यांची ही कथा आहे. नायिकेची भूमिका करणाऱ्या सॅली फील्ड यांना त्यासाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले.

या चित्रपटात भाषणे थोडी आहेत, पण पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गिरणीतल्या गोंगाटाने नायिकेच्या आईला काही वेळ ऐकूच येईनासे होते. तिचे वडील हात बधिर झाल्याची तक्रार करतात. सुटीची वेळ होईपर्यंत थांबा, असे त्यांना सांगण्यात येते आणि ते कामावरच कोसळून मरण पावतात. संघटना बांधण्यासाठी बाहेरून आलेला संघटक या स्त्रीला वाचायला पत्रके देतो आणि दारोदार फिरायला शिकवतो. व्यवस्थापन मग आपले नेहमीचे हत्यार उपसते. युनियन झाली तर ती काळ्या लोकांच्या हाती जाईल, अशी धास्ती गोऱ्या कामगारांना घालणारे पत्रक फलकावर लावण्यात येते. ते उतरवून घेतल्याबद्दल नायिकेला कामावरून काढले जाते. ती जागेवरून हलत नाही. एका पुठ्ठ्यावर 'युनियन' हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत लिहून ती टेबलावर चढते आणि तो पुठ्ठा डोक्यावर धरून सावकाश चहूबाजूंना वळते. तेव्हा एक यंत्र थांबते, मग दुसरे, मग तिसरे, आणि त्या गोंगाटाच्या जागी शांतता पसरते.

हा प्रसंग कल्पनेतला नाही. उत्तर कॅरोलिना राज्यातील रोआनोक रॅपिड्स या गावी, जे. पी. स्टीव्हन्स कंपनीच्या गिरणीत, क्रिस्टल ली सटन या कामगार स्त्रीने १९७३ च्या मे महिन्यात खरोखरच असे केले होते. पोलिसांनी तिला बाहेर नेले आणि तिची नोकरी गेली. २८ ऑगस्ट १९७४ रोजी त्या गावच्या गिरण्यांत मतदान झाले. १,६८५ कामगारांनी संघटनेच्या बाजूने आणि १,४४८ कामगारांनी विरुद्ध कौल दिला. अंतर फार मोठे नव्हते, पण संघटना जिंकली.

चित्रपट संपतो तेथे

मतमोजणीचा निकाल, कामगारांचा जल्लोष आणि संघटकाचा निरोप, येथे चित्रपट संपतो. प्रेक्षक समाधानाने घरी जातो. इतिहास मात्र तेथे थांबला नाही. मतदान जिंकूनही कंपनीने करार केला नाही. न्यायालयीन झगडे झाले, कंपनीच्या मालावर देशभर बहिष्कार पुकारला गेला, आणि पहिला करार झाला तो १९८० च्या ऑक्टोबरात. विजय आणि करार यांच्यामध्ये सहा वर्षे गेली. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हाही त्या कामगारांच्या हाती करार पडलेला नव्हता.

या सहा वर्षांत टेबलावर चढण्यासारखा प्रसंग रोज येत नव्हता. सभासद टिकवणे, वर्गणी गोळा करणे, तक्रारी लिहून घेणे, निराश झालेल्याच्या घरी पुन्हा जाणे, अशीच कामे असणार. ती कॅमेऱ्याला आकर्षक वाटत नाहीत. पण जेथे ती झाली नाहीत, तेथे टेबलावरचा क्षण नुसता आठवणीपुरता उरला.

आपल्याकडील चित्रपटांनाही हे सुटलेले नाही. १९३४ साली प्रेमचंदांच्या कथेवर मुंबईत 'मिल' हा चित्रपट निघाला. ब्रिटिश अमदानीतल्या मुंबईच्या सेन्सॉरने त्यावर बंदी घातली, यावरून पडद्यावरच्या गिरणी कामगाराचीही सत्तेला केवढी धास्ती होती ते दिसते. पुढे हृषीकेश मुखर्जींच्या 'नमक हराम'मध्ये (१९७३) मालकाचा मित्रच कामगार वस्तीत शिरून पुढारी होतो. कामगारांना जाग येते ती बाहेरून आलेल्या एका माणसामुळे. गोविंद निहलानींचा 'आघात' (१९८५) याहून खोल जातो. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या या चित्रपटात दोन युनियनमधील चुरस आहे, आणि कामगार नेमके कोणाच्या मागे आहेत हे ठरवायचे कसे, हा प्रश्न आहे. आदल्याच काळात, १८ जानेवारी १९८२ पासून, मुंबईच्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप केला होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली मान्यता एका संघटनेकडे आणि कामगार दुसऱ्या नेतृत्वामागे, ही त्या संपातील एक मूळ गाठ होती. ती अखेरपर्यंत सुटली नाही. त्या पराभवाची घराघरांतील पडझड जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकाने आणि त्यावर आधारलेल्या 'लालबाग परळ' (२०१०) या चित्रपटाने दाखवली.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. त्यांना एक छप्पर आहे. त्या छपराखाली यंत्रे आहेत आणि यंत्रांपाशी एकमेकांना पाहू शकणारी माणसे आहेत. बिडीच्या धंद्यात हेच नाही.

यंत्र नसलेला कारखाना

संपाची ताकद अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोन गोष्टींतून येते. पहिली, थांबलेले भांडवल. गिरणी बंद पडली की यंत्रांत गुंतलेला पैसा अडकतो, त्याचे व्याज चढत राहते, मागण्या हातच्या जातात. एकेक दिवस मालकाला महाग पडतो. दुसरी, कामगारांचे एकत्र असणे. शेजारच्याने यंत्र थांबवलेले दिसते, म्हणून माझाही हात थांबतो, असे कामगार म्हणतो. टेबलावर उभी राहिलेली बाई प्रभावी ठरली, कारण तिला पाहणारे डोळे एका छपराखाली होते.

आता बिडीच्या धंद्याची घडण पाहावी. विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वे आलेली होती, जंगलात तेंदूपत्ता मुबलक होता आणि दुष्काळाने गांजलेले मजूर स्वस्त होते. या तिहींवर गोंदिया, तिरोडा, तुमसर, भंडारा या पट्ट्यात हा धंदा वाढला. मालक पाने, तंबाखू आणि सूत पुरवतो. बाकीचे सारे कामगाराचे असते: सूप तिचे, कात्री तिची, घर तिचे, दिवा तिचा. मालकाला शेड बांधावी लागत नाही, वीजबिल भरावे लागत नाही, पाळणाघर चालवावे लागत नाही. मजुरी दर हजार बिड्यांमागे ठरते आणि त्या हजारांत म्हातारीने कापलेली पाने व मुलीने बांधलेली बंडलेही मोजली जातात. मजुरी मात्र एकीच्याच नावाने पडते.

आता येथे संप झाला असे समजा. मालकाचे कोणते यंत्र थांबणार? एका गावाने काम बंद केले तर सट्टेदार तीच पाने पुढच्या गावी नेऊन देतो. थांबलेले भांडवल जवळजवळ नाहीच. थांबते ती फक्त चूल. आणि दुसरी गोष्ट, शेजारणीने सूप खाली ठेवले की नाही, हे भिंतीपलीकडून दिसत नाही. मार्क्सने घरगुती उद्योगाचे विवेचन करताना हे नेमके हेरले होते की, कामगार जितके विखुरलेले, तितकी त्यांची प्रतिकारशक्ती क्षीण. बिडी कामगार भित्रा आहे, अडाणी आहे, त्याला संघटनेचे महत्त्व कळत नाही, अशी भाषा कार्यकर्त्यांच्याही तोंडी कधी कधी येते. ती टाकून दिली पाहिजे. दोष माणसांत शोधण्याआधी धंद्याची घडण पाहावी.

विखुरलेपणाचा आणखी एक परिणाम आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी याच जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे बळी गेले. ती वार्ता त्याच दिवशी देशभर पोहोचली आणि ते योग्यच झाले. पण घरात तंबाखूच्या भुकटीत वर्षानुवर्षे बसणाऱ्या बाईचा खोकला हा अपघात ठरत नाही. त्याचा दिवस नसतो, स्थळ नसते, पंचनामा नसतो.

मालक कोण?

या घडणीचा सर्वांत मोठा फायदा मालकाला मिळतो तो न्यायालयात. कामगार हक्क मागायला गेला की पहिला प्रश्न येतो, तू कोणाचा कामगार? स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षे बिडी कामगार या एका प्रश्नाशी झगडत होता, आणि त्या झगड्यातील महत्त्वाची प्रकरणे या परिसराशी निगडित आहेत.

१९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सागरच्या 'चिंतामण राव' प्रकरणात असा निर्णय दिला की, बिड्या बनवून आणून देणारे सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत. कारखाने कायद्याखाली ते कामगार नव्हेत. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. सट्टेदारी ही तिकडची आणि इकडची एकच पद्धत. पुढे नागपूरच्या 'बिरधीचंद शर्मा' प्रकरणात न्यायालयाने कारखान्यात बसून बिड्या वळणाऱ्यांना कामगार मानले. ते नगावर मजुरी घेतात आणि आपल्या सोयीने येतात-जातात एवढ्याने त्यांचे कामगारपण जात नाही, असे म्हटले. पण थोड्याच काळाने 'शंकर बाळाजी वाजे' प्रकरणात बहुमताचा निर्णय उलट पडला. कामावर केव्हा यावे, किती करावे याचे बंधन नसलेला बिडी वळणारा हा कामगार नव्हे, असे त्यात ठरले. १९६४ मध्ये मद्रासकडील 'दिवाण मोहिदीन साहेब' प्रकरणात न्यायालयाने मधल्या कंत्राटदाराचा पडदा बाजूला सारला. हे कंत्राटदार नावापुरते स्वतंत्र आहेत, ते मालकाचेच हस्तक आहेत, म्हणून कामगार मालकाचे, असा तो निर्णय होता.

या गोंधळातून १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा जन्मला. त्याचे मोठेपण एका व्याख्येत आहे. मालकाने किंवा कंत्राटदाराने दिलेला कच्चा माल घरी नेऊन बिडी करणारी व्यक्ती हीसुद्धा कामगार आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. नाकारलेल्या बिड्या आणि कच्च्या मालाचा पुरवठा यांवरील तंटे सोडवण्याची तरतूदही त्यात होती. मालकांनी त्याला आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९७६ मध्ये उपकर बसवून कल्याण निधी उभारण्यात आला. त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीला साहाय्य मिळू लागले. कायद्याच्या या चार पावलांमागे केरळपासून विदर्भापर्यंतच्या बिडी कामगारांची चळवळ आहे, हे विसरता येत नाही.

आज त्या पावलांचे काय झाले? वस्तू व सेवा कर आला तेव्हा २०१७ मध्ये बिडीवरील उपकर रद्द झाला. ज्या निधीला स्वतःचा झरा होता, तो सरकारी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर आला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता अमलात आणल्या गेल्या आणि १९६६ चा स्वतंत्र कायदा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत विरून गेला. औद्योगिक संबंध संहितेने वाटाघाटीचा एकमेव अधिकार मिळवण्यासाठी संघटनेमागे हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार असावेत, अशी अट घातली आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी ३० टक्क्यांची अट होती. वाढलेल्या टक्क्यांवर पुष्कळ टीका झाली आहे. बिडी कामगाराच्या दृष्टीने खरी अडचण टक्क्यांत नाही, ती 'हजेरीपट' या शब्दात आहे. जिचे नाव हजेरीपटावर नाही, ती ५१ मध्येही नाही आणि उरलेल्या ४९ मध्येही नाही.

कामठी आणि निपाणी

विखुरलेल्या कामगारांची संघटना होऊच शकत नाही, असा निष्कर्ष यातून कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. दोन उदाहरणे पुरेशी आहेत, आणि दोन्हींवर चित्रपट झालेले आहेत.

पहिले उदाहरण कामठीचे. बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांचे नाव 'जय भीम' या अभिवादनाचे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यावर 'बोले इंडिया जय भीम' हा मराठी चित्रपटही निघाला. पण हरदासांनी बिडी कामगारांची संघटना बांधली, आणि ठेकेदाराच्या कचाट्यातून सुटण्यासाठी सहकारी तत्त्वावर बिडी बनवण्याचा उद्योगही करून पाहिला, याची आठवण कमी काढली जाते. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि पस्तिशीतच क्षयाने गेले. विदर्भातील बिडी कामगारांत दलितांचे प्रमाण मोठे होते, म्हणून हा प्रश्न मजुरीचाही होता आणि जातीचाही. 'नॉर्मा रे'मध्ये फलकावर लावलेले पत्रक येथे आठवावे. काळा आणि गोरा या भेदाने तेथे जे साधले जाते, ते येथे जातीने साधता येते. मुंबईच्या गिरण्यांत सुताला तोंड लावावे लागते या सबबीखाली अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेतले जात नसे, याकडे डॉ. आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांचे लक्ष वेधले होते; आणि तरीही ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. जातीचा प्रश्न झाकून ही एकजूट झाली नव्हती. तो मांडून झाली होती.

दुसरे उदाहरण निपाणीचे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील, बेळगाव जिल्ह्यातल्या या मराठी भाषक गावात तंबाखूच्या वखारी आहेत. तंबाखू कुटणे, चाळणे, निवडणे ही कामे तेथे बायका करीत. अंगभर भुकटी, लांबलेले तास, तुटपुंजी मजुरी आणि मुकादमांचा जाच. सत्तरीच्या दशकाअखेर या हजारो बायका संघटित झाल्या. चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या या कामाचा अभ्यास पुढे छाया दातार यांनी ग्रंथरूपाने केला. दीपा धनराज, अभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या 'युगांतर' गटाने १९८२ मध्ये त्यावर 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा छोटा कृष्णधवल चित्रपट केला. याच गटाने त्याआधी पुण्याच्या घरकामगारांवर 'मोलकरीण' केला होता.

निपाणीच्या चित्रपटाची रीत मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. हा गट कॅमेरा घेऊन एका दिवसात आला आणि गेला, असे झाले नाही. चार महिने तो कामगार बायकांचे ऐकत आणि त्यांच्याशी चर्चा करत राहिला. काय दाखवायचे, संघटना कशी झाली हे कोणत्या क्रमाने सांगायचे, संपाचे डावपेच कसे मांडायचे, हे त्या बायकांच्या सांगण्यावरून ठरले. म्हणून या चित्रपटात टेबलावर चढलेली एकटी नायिका नाही. एकीने सुरू केलेले वाक्य दुसरी पुरे करते, अशी ही कथा आहे. पुढे हा चित्रपट इतर ठिकाणच्या कामगारांना दाखवला गेला आणि त्यातून आणखी संघटनांना चालना मिळाली. एका ठिकाणच्या बायकांनी आपले काम आपणच सांगितले, म्हणून दुसऱ्या ठिकाणच्या बायकांना ते आपलेसे वाटले.

येथे एक फरक नजरेआड करता येत नाही. निपाणीच्या वखारीला छप्पर होते. बायका तेथे रोज एकमेकींना भेटत. भंडाऱ्याच्या घरखेपी बिडी कामगाराला ते छप्पर नाही. तेव्हा निपाणीचा धडा घ्यायचा तो असा की, जेथे एकत्र येण्याची जागा नाही, तेथे ती शोधून काढणे हे संघटनेचे पहिले काम होय.

एकत्र येण्याची जागा

ती जागा आहे. बिडी घरी वळली जात असली तरी ती घरी मोजली जात नाही. तयार माल देण्यासाठी आणि नवी पाने घेण्यासाठी प्रत्येक बाईला सट्टेदाराच्या दारी जावेच लागते. तेथे रांग लागते. तेथेच बिड्या छाटल्या जातात, तेथेच पाने कमी भरतात, तेथेच पुस्तकात आकडा लिहिला जातो. घराघरांत विखुरलेला कारखाना दिवसातून तासाभरासाठी तेथे गोळा होतो. कार्यकर्त्यांनी जायचे ते त्या वेळी त्या दारी. सभा घ्यायची गरज नाही. रांगेत उभे राहून ऐकण्याची आहे.

आणि तेथे करावयाचे काम अगदी साधे आहे. प्रत्येक बाईपाशी एक वही असावी. आज किती पाने मिळाली, किती बिड्या दिल्या, किती छाटल्या, छाटलेल्या परत मिळाल्या की सट्टेदाराने ठेवून घेतल्या, किती पैसे हाती आले, एवढ्या पाच नोंदी. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी तिची शाळकरी मुलगी लिहील. पाने कमी भरल्यामुळे हजार पुरे करण्यासाठी पदरचे पैसे घालावे लागणे, छाटीच्या नावाखाली फुकट माल जाणे, एकाच पुस्तकावर दोघी-तिघींचे काम चढवणे, या तक्रारी या धंद्यात देशभर जुन्या आहेत. पण तक्रार तोंडी असते तोवर ती एकीची असते. शंभर वह्या शेजारी ठेवल्या की ती धंद्याची रीत ठरते, आणि 'मालक कोण' या प्रश्नाला पुरावा मिळतो. हजेरीपट मालक ठेवत नसेल, तर कामगारांनी आपला ठेवावा. पुस्तक, ओळखपत्र आणि भविष्य निर्वाह निधी या तिन्ही ठिकाणी प्रत्येकीचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने यावे, ही मागणी मजुरीच्या दरवाढीइतकीच महत्त्वाची मानावी.

एक कठीण गोष्टही येथे स्पष्ट बोलली पाहिजे. बिडी हे आरोग्याला घातक व्यसन आहे, आणि हा धंदा कायम राहावा म्हणून लढणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. देशात सुमारे ५० लाख बिडी कामगार असल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. धंदा आक्रसत जाईल तेव्हा मालक आपले भांडवल दुसरीकडे वळवील. बाईला मात्र आपली बोटे वळवता येणार नाहीत. केरळात १९६६ चा कायदा लागू होताच खासगी मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा बेकार झालेल्या कामगारांसाठी १९६९ मध्ये कण्णूरला 'दिनेश बिडी' ही सहकारी संस्था उभी राहिली. ऐन भरात तिच्याकडे चाळीस हजारांवर कामगार होते. बिडीची मागणी घटू लागल्यावर तिने खाद्यपदार्थांसारख्या दुसऱ्या उद्योगांकडे मोर्चा वळवला. हा मार्ग सोपा होता असे नाही. पण संघटना होती, म्हणून धंदा बदलण्याचा विचार कामगारांना निदान एकत्र करता आला. हरदासांनी तीस वर्षे आधी विदर्भात जे करून पाहिले, त्याचेच हे मोठे रूप होते. पर्यायी रोजगाराची मागणी कोणाच्या नावाने करायची, याचे उत्तरसुद्धा अखेर त्या नोंदींतच आहे. जिची बिडी कामगार म्हणून नोंदच नाही, तिचे पुनर्वसन कोण करणार?

मित्रहो, कारध्यात हा वर्ग भरतो आहे, म्हणून एक गोष्ट सांगून थांबणे उचित होईल. पावसाळ्यात कारध्याच्या पुलापाशी वैनगंगेची पातळी किती, हे सारा भंडारा जिल्हा विचारत असतो. पाऊस पडतो वर शिवनी-बालाघाटकडे. अनेक नाल्यांतून, ओढ्यांतून, न दिसणाऱ्या वाटांनी पाणी येते. २०२० च्या ऑगस्टअखेर ते शहरात शिरले, तेव्हा त्याचा जोर सर्वांना कळला. पण पूर येण्याआधीही पाणी होतेच, आणि पुलापाशी ते रोज मोजले जात होते. घराघरांतून निघणाऱ्या बिड्यांचे आणि त्या वळणाऱ्या हातांचे मोजमाप आज फक्त सट्टेदार करतो. ते कामगारांनी स्वतः करायला लागणे, हा संघटनेचा आरंभ आहे. चित्रपट त्यावर निघेल न निघेल. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येक गटाने आपल्या गावातील निदान दहा वह्या भरून आणाव्यात, एवढे आजच्या चर्चेतून निष्पन्न झाले, तरी पुरे आहे.